जुन्या पोळेतील घर : खरेदी आणि वास्तव्य

आपल्या संघाच्या स्मरणिकेसाठी आजवर आम्ही जे काही लिहिले ते धान्याच्या आवकजावकीविषयी, साठवणुकीतील किडीविषयी, फार झाले तर वजनमापांच्या कायद्याविषयी. यंदा संपादक मंडळाने आम्हांस घराविषयी लिहिण्याचा आग्रह केला, त्याचे कारण बहुतेक व्यापारी बंधूंस ठाऊक आहे. वयाची साठी उलटल्यावर बडोद्यातील हवेशीर बंगली थोरल्या चिरंजीवांच्या स्वाधीन करून अहमदाबादच्या जुन्या कोटातील एका पोळेत आम्ही घर घेतले आणि तेथे राहावयास गेलो. दारापर्यंत मोटार जात नाही अशा ठिकाणी कोणी आपण होऊन जातो काय, असे आम्हांस पुष्कळांनी विचारले. कोणी त्यास हौस म्हटले, कोणी म्हातारचळ. खरी हकीगत या दोहोंहून निराळी आहे. ती आम्हांस भूषणावह नाही, तथापि ती सांगितल्यावाचून या विषयाचा उलगडा व्हावयाचा नाही.

आमचे घराणे मूळचे धुळ्याकडचे. पणजोबा श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या काळी बडोद्यास आले आणि हाथीखान्यातील धान्यबाजारात आमची पेढी स्थिरावली. २०१६ साली धाकट्या चिरंजीवांनी अहमदाबादेस माधुपुऱ्याच्या बाजारात शाखा काढली. दोन वर्षांत कडधान्याबरोबर जिरे-धण्याचेही काम वाढले, आणि मालास जागा अपुरी पडू लागली. तेव्हा एका दलालाने सांगितले की, कोटाच्या आत जुनी घरे पश्चिमेकडील फ्लॅटच्या निम्म्याहून कमी किमतीस मिळतात. तळमजल्यावर कोठार करावे, वर दोन मुनीम राहतील. हिशेब आम्हांस पटला. म्हणजे वाचकहो, आम्ही पोळेत प्रथम पाऊल ठेवले ते राहणारे म्हणून नव्हे, गुदामवाले म्हणून.

पोळ म्हणजे काय, हे बडोद्याच्या मंडळींस सांगावयास नको. परंतु आपली स्मरणिका इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबाद येथील बंधूंकडेही जाते, आणि तेथील काही वाचकांस हा शब्द ऐकून पुरणाचीच आठवण व्हावयाची. हा शब्द संस्कृत ‘प्रतोली’वरून, म्हणजे वेशीवरून आला असे जाणकार सांगतात. अहमदाबाद शहर सुलतान अहमदशहाने १४११ साली वसविले. पुढे कोटाच्या आत एकेका ज्ञातीची, धंद्याची किंवा कुळाची माणसे एकत्र राहू लागली, त्यांनी आपल्या गल्लीस एक दरवाजा बसविला, आणि अशा दरवाजाबंद वस्तीस पोळ हे नाव पडले. दरवाजावर रखवालदाराची खोली. आत एक मुख्य वाट, तिला फुटलेले आडवे फाटे. मध्ये देरासर किंवा देऊळ, विहीर, आणि पाखरांसाठी खांबावर उभारलेला चबुतरा. सूचना लिहावयास एक फळा असतो. त्यावर मृत्यूची बातमी, व्याख्यानाची वेळ आणि पाणी न येण्याची वर्दी या तीनही गोष्टी एकाच खडूने लिहिलेल्या असतात. एका पोळेतून दुसरीत जावयास कित्येक ठिकाणी लहानशी बारी असते. नवख्या माणसास ती सापडत नाही, आणि दंग्याधोप्याच्या काळात तिचा उपयोग तोच असे.

आम्हां व्यापाऱ्यांस समजण्यासारखी मुख्य गोष्ट अशी की, जुन्या काळी पोळेतील घर हे पूर्णतः मालकाचे नसे. घर विकावयाचे तर प्रथम पोळेतील माणसांस विचारावे लागे, बाहेरच्यास देता येत नसे; विक्री झाली की किमतीचा ठरावीक भाग पोळेच्या फंडात भरावा लागे, आणि लग्नकार्यातही पोळेचा लागा असे. त्या पैशातून दरवाजा, दिवा, रखवालदार, साफसफाई चाले. आज ही बंधने कायद्याच्या दृष्टीने उरलेली नाहीत. परंतु घरांची रचना त्या काळची आहे. दोन घरांत भिंत एकच, तुळयांची टोके दोन्ही बाजूंनी त्याच भिंतीत शिरलेली; एकाने पाया उकरला तर दुसऱ्याची मेडी कलते.

मग अशी वस्ती रिकामी का झाली? साबरमतीवरील एलिस ब्रिज हा पोलादी पूल १८९२ साली झाला, आणि विसाव्या शतकात पलीकडच्या तीरावर पालडी, नवरंगपुरा असे विस्तार वाढले. आपल्या समाजातील सधन कुटुंबे त्यात आघाडीवर होती. पालडीत सोसायट्या उभ्या राहिल्या, तेथे नवी देरासरे, नवे उपाश्रय झाले. वाटणीत एका घराचे पाच हिस्से झाले म्हणजे एकानेही तेथे राहू नये, हा आपल्याकडील नियमच आहे. १९४७च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाणित भाडे १९४०च्या पायावर बांधले गेले, आणि पुढे गुजरात राज्यातही तोच कायदा चालू राहिला. भाडेकरूस त्याने संरक्षण मिळाले, यात वाद नाही. परंतु कौले बदलण्याइतकेही भाडे हाती येत नसल्याने मालकाने घराकडे पाहणे सोडले. १९६९, १९८५ आणि २००२च्या दंगलींनी भीती घातली. कापडाच्या गिरण्या बंद पडल्या तेव्हा कोटालगतच्या वस्तीचा पगारच गेला.

या कारणांची चर्चा अनेक ठिकाणी वाचावयास मिळते. एका कारणाचा उच्चार मात्र कमी होतो, आणि ते आपल्या धंद्याचे आहे. कालूपुरचे रेल्वे स्टेशन, रेवडी बाजार, माणेकचौक, चोखा बाजार या सर्वांच्या मध्ये वसलेल्या घराची किंमत राहणाऱ्यापेक्षा माल ठेवणाऱ्यास अधिक असते. राहणारा माणूस उजेड, संडास, जिना, शेजार या गोष्टी पाहतो आणि किमतीत घासाघीस करतो. गुदामवाल्यास कोरडी जमीन आणि कुलूप एवढेच हवे असते. एक घर गुदाम झाले की हमाल, हातगाड्या, टेंपो यांची गर्दी दिवसभर राहते, आणि संध्याकाळी सातनंतर तेथे काळोख. शेजारच्या घरातील सून म्हणते की आता येथे नको. ते घर विक्रीस निघते. त्याचा गिऱ्हाईक कोण? पुन्हा गुदामवालाच. सागवानी पाट्यांची जमीन माणसांच्या वजनासाठी केलेली असते. तिच्यावर पोत्यांची थप्पी लागली की दहा-बारा वर्षांत तुळई वाकते, आणि मग ‘धोकादायक इमारत’ असा शेरा घेऊन घर पाडता येते. सोंडे लागलेल्या एका पोत्याने अख्खी थप्पी जाते, तसा हा प्रकार आहे.

ज्या घरी आम्ही गेलो ते रिलीफ रोड आणि माणेकचौक यांच्या दरम्यानच्या एका पोळेत आहे. मालक ऐंशीच्या घरातील वृद्ध श्रावक. पत्नी निवर्तलेल्या, एक मुलगा नदीपलीकडे सॅटेलाइट भागात, दुसरा अमेरिकेत. त्यांनी आम्हांस ओट्यावर बसविले, पाणी दिले आणि विचारले, “शेठ, राहावयास कोण येणार?” आम्ही कोठाराचा बेत सांगितला. ते शांतपणे म्हणाले, “मग क्षमा करा. गुदामासाठी आपल्यापेक्षा चांगला भाव मला मागच्या महिन्यात आला होता.” दलालाने मध्ये तोंड घालून आकडा वाढविला. वृद्ध गृहस्थ उठून आत गेले. व्यवहार संपला, असे आम्ही समजलो.

परतताना सायंकाळ झाली होती. पोळेतील देरासरात डोकावलो तो आरतीस पुजारी आणि एक म्हातारी बाई, एवढीच माणसे. वाटेत आम्ही घरे मोजली. सत्तावीस दारांपैकी अकरांत दिवा होता. बाकीच्या कित्येक दारांवरील कुलपे आमच्या ओळखीची होती, कारण तशीच पितळी कुलपे आमच्या वखारींना आहेत. बडोद्यास पोहोचेपर्यंत आम्ही चिरंजीवांशी बोललो नाही. घरी आल्यावर सौभाग्यवतींस ही हकीगत सांगितली, तेव्हा त्या म्हणाल्या, “त्या गृहस्थांनी काय चूक विचारले? तुम्ही पोती ठेवणार, मी राहीन म्हटले तर?” हा प्रश्न त्यांनी थट्टेने केला होता असे त्या आज म्हणतात. महिनाभराने आम्ही पुन्हा गेलो ते त्यांना बरोबर घेऊन, आणि राहण्यासाठी. गुदामवाल्याच्या भावापेक्षा बऱ्याच कमी रकमेस सौदा ठरला.

कोटातील घरांकडे लोक पुन्हा वळू लागले आहेत, ही गोष्ट खरी, आणि तिची कारणेही पाहण्यासारखी आहेत. अहमदाबाद महानगरपालिकेने १९९६ साली वारसाजतनासाठी स्वतंत्र विभाग काढला. दुसऱ्या वर्षी, १९ नोव्हेंबर १९९७ रोजी, कालूपुरच्या स्वामिनारायण मंदिरापासून जुम्मा मशिदीपर्यंत पायी फेरी सुरू झाली. परक्या माणसांस आपल्या गल्ल्या पाहाव्याशा वाटतात, हे पोळवासीयांस तेव्हा प्रथम कळले. २६ जानेवारी २००१च्या भूकंपात नव्या वस्तीतील अनेक बहुमजली इमारती कोसळल्या, आणि कोटातील लाकडी सांगाड्याची घरे बहुतांशी उभी राहिली. विटांच्या भिंतीत ठराविक अंतरावर आडवी लाकडे घातलेली असतात, त्यामुळे भिंत हलते पण फुटत नाही. जुलै २०१७मध्ये युनेस्कोने या जुन्या शहरास जागतिक वारसा शहर म्हणून मान्यता दिली. भारतात हा मान प्रथम अहमदाबादेस मिळाला. जयपूरचा क्रम २०१९ साली लागला. २०२२च्या शरदात मेट्रोची भुयारी गाडी सुरू झाली, तिचे घीकांटा स्टेशन आमच्यापासून पायी वाटेवर आहे. जेथे एके काळी तुपाचे काटे लागत तेथे आज तिकिटे मिळतात.

यादीत नोंदलेल्या वारसाघराच्या मालकास आणखी एक सवलत आहे. त्याला आपले घर पाडून उंच बांधता येत नाही, म्हणून न वापरलेल्या बांधकामाचा हक्क तो शहरात अन्यत्र इमारत बांधणाऱ्यास विकू शकतो, आणि त्या रकमेने घराचे जतन व्हावे असा त्यामागील हेतू आहे. आमच्या घराचे त्याबाबतचे कागद अद्याप फिरत आहेत, तेव्हा यावर आम्ही अधिक लिहीत नाही. मात्र दाराशी वारसास्थळाची पाटी लागल्याने छप्पर गळावयाचे थांबत नाही, एवढे अनुभवाने सांगतो.

आता खरेदीविषयी. प्रथम कागद. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर नावे कोणाची आहेत ते पाहावे, आणि नावे असलेली किती माणसे हयात आहेत ते विचारावे. आमच्या घरावर सात नावे होती. त्यांपैकी चौघे दिवंगत, त्यांचे वारस एकोणीस. प्रत्येकाची सही होईपर्यंत बयाणाखेरीज पैसा देऊ नये. तळघरात, माळ्यावर किंवा मागील खोलीत जुना भाडेकरू आहे काय, हे दिवसा नव्हे तर रात्री जाऊन पाहावे. अशांत क्षेत्राविषयीचा १९९१चा गुजरातचा कायदा ज्या भागास लागू असल्याची अधिसूचना असेल तेथे जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीवाचून केलेली विक्री रद्दबातल ठरते; म्हणून दस्ताआधी ती परवानगी घ्यावी. घर वारसायादीत असेल तर दर्शनी भागास हात लावण्यापूर्वी महानगरपालिकेची संमती लागते. कर्ज देण्यास बँका जुन्या घरांबाबत कचरतात, तेव्हा रक्कम आपल्याजवळ आहे असे धरूनच पुढे जावे. आमचा सौदा २०१८च्या दिवाळीत ठरला आणि दस्त २०१९च्या अखेरीस झाला. वकिलास घाई करू नये. त्याच्या घाईची फी पुढे आपणांस भरावी लागते.

दुसरे लाकूड. धान्याचा नमुना पोत्याच्या तोंडाशी कोणी घेत नाही. पोलादी परखी पोत्याच्या पोटात खुपसून मधला माल काढतात. घराचेही तसेच आहे. दर्शनी खांब, त्यावरील नक्षी, घोडे, पोपट, वेलबुट्टी हे सर्व पोत्याचे तोंड होय. तुळईचे टोक भिंतीत जेथे शिरते तेथे ओल धरते, आणि वाळवी तेथूनच आत जाते. आम्ही सुतारास बरोबर घेऊन प्रत्येक तुळईच्या टोकाशी खिळा ठोकून पाहिला. एकवीस तुळयांपैकी सतरा जागी खिळ्यास घण लागला, चार जागी तो लोण्यात शिरावा तसा शिरला. त्या चार तुळयांची किंमत सौद्यातून वजा झाली. जुने सागवान टाकून देऊ नये; पाडलेल्या घरांचे लाकूड शहरात विकत मिळते, आणि त्याच वयाचे लाकूड बसविले म्हणजे सांध्यास तडा जात नाही.

तिसरी भिंत, आणि येथे आम्ही फसलो. ही चूक विस्ताराने सांगतो, कारण ज्यांची वडिलोपार्जित घरे इतरत्र आहेत त्यांच्याही ती उपयोगी पडावी. जुनी भिंत विटांची, आणि गिलावा चुन्याचा. चुन्याचा गिलावा पावसाळ्यात ओल घेतो आणि हिवाळा-उन्हाळ्यात सोडतो. भिंतीचा श्वास म्हणा. आमच्या तळमजल्याच्या गिलाव्याचे पोपडे निघाले होते. आम्ही ज्या कंत्राटदारास काम दिले त्याने सांगितले की, चुना मळण्यास महिना जाईल, सिमेंटने आठ दिवसांत काम होईल आणि शंभर वर्षे टिकेल. आम्ही होकार दिला. कंबरेइतक्या उंचीपर्यंत तिन्ही भिंतींस सिमेंट लागले, वर रंग झाला, बिलही चुकते झाले. पुढच्या पावसाळ्यात जमिनीतून चढलेली ओल सिमेंटच्या आत कोंडली. बाहेर पडावयास वाट नाही म्हणून ती वर चढली. कंबरेइतकी होती ती खांद्यापर्यंत आली, सिमेंटच्या वरच्या काठावर पांढरे मीठ फुलले आणि सामाईक भिंतीपलीकडे शेजाऱ्यांच्या देवघरात डाग उठला. शेजारीण बाईंनी भांडण केले नाही. त्यांनी फक्त आम्हांस बोलावून तो डाग दाखविला, आणि चहा दिला. त्या चहाचा आम्हांस जितका संकोच वाटला तितका आयुष्यात कोणत्या नोटिशीचा वाटला नाही.

सारे सिमेंट छिनीने काढावे लागले. त्याबरोबर कित्येक विटांचे तोंडही निघून आले. मग एक वयस्क गवंडी मिळाले. त्यांनी कळीचा चुना हौदात भिजवून तीन आठवडे ठेवला, त्यात विटांची भुकटी घातली, गूळ आणि मेथीचे पाणी मिसळले, आणि पातळ थरांवर थर दिले. एका थरानंतर दुसऱ्यासाठी ते दिवसचे दिवस थांबत. आम्ही घाई केली तेव्हा म्हणाले, “शेठ, ओला हरभरा पोत्यात भरता काय?” यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. शेजाऱ्यांची भिंतही आम्ही आमच्या खर्चाने करून दिली. दुरुस्तीचा एकूण खर्च खरेदीच्या रकमेच्या पाऊणपट झाला; त्यातील सुमारे सातवा हिस्सा या एका चुकीचा. घर स्वस्त मिळते असे जे आम्हांस दलालाने सांगितले होते ते या हिशेबाने तपासावे. २०२०च्या साथीत काम सात महिने बंद होते, ते निराळेच.

चौथी गोष्ट टाके. चौकाच्या खाली विटाचुन्याची खोल कोठी असते आणि तोंडावर झाकण. छपरावरचे पाणी नळीवाटे त्यात उतरते. पहिल्या पावसाचे पाणी बाहेर सोडावयाचे, छप्पर धुतले गेले की मग नळीचे तोंड टाक्याकडे फिरवावयाचे. आत ऊन शिरत नाही म्हणून पाणी वर्षभर राहते. अनेक घरमालकांनी नळ आल्यावर टाकी बुजविली किंवा त्यांत बांधकामाचा राडा भरला. आमच्या टाक्यातून आम्ही अकरा हातगाड्या माती काढली. खाली चुन्याची घोटाई जशीच्या तशी होती. आज त्यात सुमारे पंचवीस हजार लिटर पाणी मावते, आणि स्वयंपाकास आम्ही तेच वापरतो. नळाचे पाणी गाळल्यावर त्यातील जिवाणी ज्या पाण्याची त्या पाण्यात परत सोडणे शक्य नसते. ही खंत आमच्या मातोश्री अखेरपर्यंत बोलून दाखवीत. टाक्याच्या पाण्याबाबत ती उरत नाही. सौभाग्यवती गाळणे उलटे धरून कळशीने हळूच जिवाणी खाली पोहोचवितात. त्या वेळी टाक्यातून येणारा आवाज फार गार असतो.

आम्ही २०२१च्या दिवाळीस राहावयास आलो. गैरसोयी लपविण्यात अर्थ नाही. जिना उभा आहे, शिडीच म्हणावी. दोर धरून चढावे लागते, आणि आमच्या गुडघ्यांनी त्याबद्दल तक्रार नोंदविली आहे. मोटार पोळेबाहेर पैसे भरून ठेवतो. समोरच्या घरात फोडणी बसली की आमच्या घरी ठसका लागतो. माकडे कौले हलवितात. उत्तरायणात तर १४ जानेवारीच्या आधीपासून गच्च्या भाड्याने मागणाऱ्यांची रीघ लागते. पुष्कळ कुटुंबे त्या दोन दिवसांच्या भाड्यातून वर्षाची डागडुजी करतात, आणि त्यांस नावे ठेवण्याचा आम्हांस अधिकार नाही. आम्ही स्वतः गच्ची देत नाही, कारण मांजाने पाखरे मरतात. त्या दिवशी आमचे दार जखमी पाखरांसाठी उघडे असते.

२०२३च्या फाल्गुनात एका रात्री आमच्या छातीत कळ आली. रुग्णवाहिका आत येऊ शकत नाही. चिरंजीव माधुपुऱ्यास होते. सूनबाईंनी खिडकीतून एक हाक मारली, आणि पाच मिनिटांत सहा माणसे जमली. त्यांनी आम्हांस वेताच्या खुर्चीत बसवून दोन बांबूंस बांधले आणि दरवाजापर्यंत उचलून नेले. पुढे रिक्षा तयार होती. ती कळ पित्ताची निघाली, हे इस्पितळात कळले. परंतु खुर्ची उचलणाऱ्यांस ते ठाऊक नव्हते. बडोद्यातील बंगलीच्या दारात रुग्णवाहिका खुशाल उभी राहिली असती. हाक मात्र कोणास मारली असती, याचा विचार आम्ही त्यानंतर पुष्कळ केला.

देरासराची स्थिती काय, असे अनेक बंधू विचारतात. पालडीस गेलेली कुटुंबे वर्षातून एकदा, ध्वजारोहणाच्या दिवशी, सहकुटुंब येतात; त्या दिवशी पोळेत उभे राहावयास जागा नसते. बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस प्रक्षालास किती माणसे, हा प्रश्न आहे. आम्ही आलो तेव्हा रोज तीन होती, आज आठ-नऊ असतात. त्यांपैकी दोघी तरुण मुली आहेत. त्यांच्या आईवडिलांनी आमच्या मागील फाट्यातील घर २०२२ साली घेतले. चबुतऱ्यावर रोज दाणा पडावा यासाठी आमच्या पेढीकडून बाजरी आणि ज्वारी येते. त्यात विशेष काही नाही; चाळणीखालचा बारीक माल आम्ही तेथे पाठवीत नाही, एवढेच.

एका गोष्टीविषयी आमचे मत सर्वांस रुचेल असे नाही. सरकारच्या धोरणामुळे घरगुती अतिथिगृहे निघाली आहेत, आणि काही सुंदर घरे त्यामुळेच वाचली. मालक घरात राहून दोन खोल्या पाहुण्यांस देतो, तेथे पोळेस लाभ होतो. पाहुणा ओट्यावर बसतो, शेजारच्या बाईकडून खाकरे विकत घेतो. परंतु मालक मुंबईस राहून घर केवळ भाड्यासाठी सजवितो, तेथे रंग नवा असतो आणि खिडक्या बंद. आम्हांस त्यात आणि गुदामात फारसा भेद दिसत नाही. आमच्या चिरंजीवांचे मत याहून भिन्न आहे. ते म्हणतात की निदान छप्पर तरी कोणी शाकारतो. त्यांचे म्हणणेही टाकाऊ नाही.

सध्या आमच्या शेजारचे, देवघराच्या बाजूचे नव्हे तर दुसऱ्या अंगाचे, घर विक्रीस निघाले आहे. आठ वर्षे ते बंद आहे. कालूपुरातील एका व्यापारी गृहस्थाने त्यास गुदामासाठी चांगला भाव दिला आहे, आणि हे गृहस्थ आपल्याच समाजाचे आहेत. पंचांनी त्यांस भेटून विनंती केली. त्यांनी आदराने ऐकून घेतले आणि भाव आणखी वाढविला. वारसांस आम्ही कार्तिकी पौर्णिमेपर्यंत थांबण्याची विनंती केली आहे, आणि ते थांबले आहेत. राहण्यासाठी घर हवे असलेल्या कोणा बंधूंस ते पाहावयाचे असेल तर त्यांनी आमच्या हाथीखान्यातील पेढीवर निरोप ठेवावा. घर तीन मजली, रुंदी चौदा फूट, चौक लहान पण उजेडाचा. टाके बुजविलेले आहे, परंतु फोडलेले नाही. दर्शनी तुळईचे डावे टोक पोकळ आहे, आम्ही स्वतः खिळा घालून पाहिला. वारस पाच, त्यांपैकी एक नैरोबीस असतात, त्यांच्या सहीस वेळ लागेल.